स्किझोफ्रेनिया: दुसऱ्याच्या मनातले ओळखणे अवघड का जाते?

"आवाज बंद झाले, झोप लागते, गोळ्याही वेळेवर घेतो. पण डॉक्टर, याला माणसांतले काही कळतच नाही." स्किझोफ्रेनियावर उपचार सुरू होऊन सहा महिने, वर्ष झाले की नातेवाईक हे वाक्य हमखास बोलतात. पाहुणे आले की उठून आतल्या खोलीत जातो. आई तापाने पडलेली असली तरी "भाकरी झाल्या का?" एवढेच विचारतो. शेजारच्या काकांनी थट्टा केली तर ती थट्टा आहे हे त्याला कळत नाही, आणि दोन दिवस तो त्यांच्याशी बोलत नाही.

घरच्यांना हा आळस वाटतो, स्वार्थीपणा वाटतो, कधी "मुद्दाम करतो" असेही वाटते. आजाराचा हा भाग फारसा कोणी समजावून सांगत नाही. भास आणि संशय यांबद्दल ओपीडीत बोलणे होते, गोळीचा डोस ठरतो आणि वेळ संपते. म्हणून हा लेख फक्त या एका गोष्टीबद्दल आहे: समोरच्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखण्याची क्षमता, आणि स्किझोफ्रेनियात तिला काय होते.

‘लेकी बोले, सुने लागे’

ही म्हण तुम्हाला माहीत आहे. सासू लेकीला बोलते, पण ते बोलणे असते सुनेसाठी. आता सुनेला यात किती गोष्टी एका क्षणात ओळखाव्या लागतात ते बघा. शब्द माझ्यासाठी नाहीत, पण रोख माझ्याकडे आहे. सासूबाईंना मला थेट बोलायचे नाही. मला कळावे अशी मात्र त्यांची इच्छा आहे. आणि मला कळले आहे हे त्यांनाही कळणार आहे. हे सगळे कोणी शिकवत नाही, आणि ओळखायला अर्धा सेकंदही लागत नाही.

मानसशास्त्रात या क्षमतेला ‘थिअरी ऑफ माइंड’ म्हणतात. नाव जड आहे. अर्थ इतकाच, की दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळी माहिती, वेगळा समज किंवा वेगळा हेतू असू शकतो हे जाणून त्याप्रमाणे वागणे. हा शब्दप्रयोग 1978 मध्ये प्रिमॅक आणि वुडरफ या संशोधकांनी वापरला, तोही चिंपांझींवरच्या अभ्यासात. पुढे 1985 मध्ये लहान मुलांसाठीची एक चाचणी गाजली. ती आपल्या घरातल्या गोष्टीत अशी सांगता येईल: ताईने किल्ली देवघरात ठेवली आणि ती शेतात गेली. तिच्या मागे दादाने किल्ली खुंटीला अडकवली. ताई परत आल्यावर किल्ली आधी कुठे शोधेल? तीन वर्षांचे मूल बहुधा "खुंटीला" म्हणते, कारण किल्ली तिथे आहे हे त्याला स्वतःला माहीत असते. चार-पाच वर्षांचे मूल "देवघरात" म्हणते. ताईला माहीत नाही, हे त्याला कळलेले असते.

मराठी घरांत तर अर्धे बोलणे सूचक असते. "उशीर झाला बरं का" म्हणजे आता निघा. "आज फार दमले बाई" म्हणजे कोणीतरी चहा करा. "तुमचं चालू द्या" याचा अर्थ आवाजाच्या चढउतारावर ठरतो, आणि चुकीचा घेतला तर भांडण होते. जिला हे वाचता येत नाही अशा व्यक्तीला आपल्या घरात वावरणे किती कठीण जात असेल, याचा अंदाज यावरून येईल.

स्किझोफ्रेनियात नेमके काय बिघडते?

स्किझोफ्रेनिया (मराठीत छिन्नमनस्कता) म्हणजे दोन व्यक्तिमत्त्वे असणे नव्हे. हा गैरसमज सिनेमांनी पसरवला. या आजारात भास होतात, विशेषतः कानात आवाज येतात. खोट्या पण पक्क्या समजुती तयार होतात. विचार विस्कळीत होतात. आणि उत्साह, बोलणे, मिसळणे कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण 300 माणसांमागे एकाला हा आजार असतो. मोठ्या गावात अशी काही घरे असतातच, फक्त बोलले जात नाही.

ब्रिटिश संशोधक ख्रिस फ्रिथ यांनी 1992 मध्ये असा विचार मांडला की या आजाराची बरीच लक्षणे स्वतःचे आणि दुसऱ्याचे मन ओळखण्यातल्या बिघाडातून समजून घेता येतात. आजाराची सगळी लक्षणे त्यातून उलगडत नाहीत, पण त्या विचारामुळे संशोधनाची एक मोठी दिशा खुली झाली. 1995 मध्ये कॉरकोरन, मर्सर आणि फ्रिथ यांनी ‘हिंटिंग टास्क’ नावाची साधी चाचणी वापरली. तिच्यात दहा छोटे प्रसंग असतात आणि प्रत्येकात कोणीतरी आडवळणाने काही सुचवते. रुग्णाने सांगायचे असते की या माणसाला खरे म्हणायचे काय आहे. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर: बसने लांबून आलेली मावशी दारात पिशव्या ठेवत म्हणते, "काय ऊन आहे हो बाहेर!" तिला काय हवे आहे? पाणी. स्किझोफ्रेनिया असलेली व्यक्ती बऱ्याचदा उत्तर देते, "ऊन आहे असं म्हणते आहे." उत्तर खोटे नाही. फक्त शब्दांपाशी थांबलेले आहे.

तेव्हापासून अनेक देशांत असे अभ्यास झाले आणि त्या सगळ्यांचे एकत्रित विश्लेषणही झाले. निष्कर्ष सारखाच येतो: सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना सूचकता, उपरोध, थट्टा, समोरच्याचा चुकीचा समज आणि ‘कोणी नकळत मन दुखावणारे बोलून गेले’ हे ओळखणे बरेच कठीण जाते. आजार जोरात असताना ही अडचण सर्वात जास्त असते. लक्षणे शमल्यावर ती कमी होते, पण पुष्कळांमध्ये काही अंशी राहते. हा केवळ बुद्धीचा किंवा शिक्षणाचा प्रश्न नाही. पदवीधर, गणितात हुशार, शेतीचा हिशेब चोख ठेवणाऱ्या रुग्णालाही ही अडचण असू शकते.

मेंदूच्या स्कॅनच्या अभ्यासांत असे दिसते की दुसऱ्याच्या मनाचा विचार करताना कपाळामागचा मधला भाग आणि कानाच्या वर-मागे असलेला भाग यांचे एक जाळे काम करते. स्किझोफ्रेनियात या जाळ्याचे काम वेगळ्या रीतीने चालते. पण तुमच्या रुग्णाचा स्कॅन काढून हे ‘दिसणार’ नाही, त्यामुळे त्यासाठी एमआरआयचा आग्रह धरू नका. दुसरे कारण शोधायचे असेल तर डॉक्टर स्वतः सांगतील.

भारतातही यावर काम झाले आहे. परदेशी चाचण्यांतले प्रसंग, नावे, चालीरीती आपल्या रुग्णांना परक्या वाटतात आणि मग चाचणीत चूक कशामुळे झाली ते कळत नाही. म्हणून बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेतील डॉक्टरांनी भारतीय परिस्थितीला जुळवलेला ‘सोक्रॅटिस’ हा चाचणीसंच तयार केला. तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला.

कमी वाचणे आणि जास्त वाचणे

ही अडचण एकाच प्रकारची नसते. माझ्या मते हा फरक घरच्यांनी ओळखणे फार उपयोगाचे ठरते.

काही रुग्ण समोरच्याचे मन कमी वाचतात. वर सांगितलेला मुलगा, आई तापाने पडली असताना भाकरी विचारणारा, तो यातला. आई कण्हते आहे हे तो ऐकतो, पण ‘तिला आता काय वाटत असेल, तिला काय हवे असेल’ इथपर्यंत विचार आपोआप पोचत नाही. तुम्ही स्पष्ट सांगितले, "आईला ताप आहे, तिला पाणी दे आणि गोळी आणून दे", तर तो लगेच उठतो. यावरूनच कळते की मायेत कमतरता नाही. ज्यांचे बोलणे, उत्साह, हालचाल कमी झालेली असते त्यांच्यात हा प्रकार जास्त दिसतो.

दुसरे रुग्ण जास्त वाचतात. जिथे काही हेतू नाही तिथेही त्यांना हेतू दिसतो. पानटपरीवर दोघे हसले, म्हणजे मलाच हसले. समोरच्या घराची खिडकी उघडी, म्हणजे माझ्यावर लक्ष ठेवतात. व्हॉट्सअॅपवर निळी खूण आली पण उत्तर नाही, म्हणजे सगळे मिळून काहीतरी ठरवत आहेत. बायकोने फोनवर आवाज कमी केला, म्हणजे ती माझ्याविरुद्ध बोलते आहे. आपल्यालाही असे क्षणभर वाटते. पण "छे, त्यांचे आपले काही चालले असेल" असे म्हणून आपण ते सोडून देतो. संशयी भ्रम असलेल्या व्यक्तीला ते सोडून देता येत नाही. अशा रुग्णांपैकी बरेच जण फार थोड्या पुराव्यावर निष्कर्षाला पोचतात, हेही अभ्यासांत वारंवार दिसले आहे. एक हसू पुरेसे होते.

एकाच माणसात दोन्ही असू शकते. शेजाऱ्याच्या मनात कट दिसतो आणि स्वतःच्या आईच्या डोळ्यांतले पाणी दिसत नाही. नातेवाइकांना यातली विसंगती असह्य होते: "त्याला नको ते बरोबर कळतं!" प्रत्यक्षात दोन्हीकडे अंदाजच चुकत असतो.

चेहऱ्याची गल्लत दोन्ही बाजूंनी होते

समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती, राग, दुःख ओळखणेही या आजारात कठीण जाते. साधा, भावहीन चेहरा रागावलेला वाटू शकतो. म्हणून कोणी सहज बघितले तरी "काय बघतोस?" असा प्रश्न येतो.

पण दुसरी बाजू कमी सांगितली जाते. रुग्णाचा स्वतःचा चेहरा अनेकदा निर्विकार झालेला असतो, आवाज सपाट असतो. घरात मृत्यू झाला तरी डोळ्यांत पाणी नाही, म्हणून लोक नावे ठेवतात. 1990 च्या दशकात झालेल्या प्रयोगांत अशा रुग्णांना भावना जाग्या करणाऱ्या चित्रफिती दाखवल्या. चेहऱ्यावर फार कमी दिसले, पण आत काय वाटले ते विचारल्यावर त्यांनी सांगितलेल्या भावना इतरांइतक्याच तीव्र होत्या. म्हणजे त्याला वाटते, पण ते बाहेर दिसत नाही. तो आपल्याला वाचू शकत नाही अशी तक्रार करताना आपणही त्याला चुकीचे वाचत असतो.

यात एक उपचाराचा मुद्दा आहे. काही औषधांमुळे स्नायू कडक होतात, चालताना हात हलत नाहीत, चेहरा मुखवट्यासारखा होतो, लाळ गळते. हे आजाराचे नव्हे, औषधाचे लक्षण असू शकते आणि डोस किंवा औषध बदलून कमी करता येते. तुम्हाला असे दिसले तर डॉक्टरांना सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका.

औषधांनी हे सुधारते का?

प्रामाणिक उत्तर: थोडेसे, आणि तेही आडमार्गाने. अँटिसायकॉटिक औषधे आवाज आणि भ्रम यांवर चांगले काम करतात. संशय ओसरला की ‘जास्त वाचणे’ कमी होते. पण ‘कमी वाचणे’ केवळ गोळ्यांनी सहसा जात नाही. म्हणूनच सुरुवातीची ती तक्रार ऐकू येते. गोळी चुकीची आहे असा तिचा अर्थ नाही. गोळी बंद केली तर आवाज आणि संशय परततात आणि माणूस आणखी दूर जातो.

याचे महत्त्व एवढ्यासाठी की नोकरी टिकणे, मित्र असणे, लग्न निभावणे हे आवाज ऐकू येतात की नाही यापेक्षा बऱ्याच वेळा माणसे कळतात की नाही यावर अवलंबून असते. दुकानात कामाला लागलेला मुलगा मालकाच्या "बघू या नंतर" याचा अर्थ ‘हो’ असा घेतो, रोज विचारत राहतो, आणि पंधरा दिवसांत काम जाते. त्याला काम येत नव्हते असे नाही.

या अडचणीसाठी प्रशिक्षण असते. चेहरे ओळखण्याचा सराव, छोटे प्रसंग गटात वाचून "याला काय म्हणायचे असेल? दुसरे काय असू शकेल? आपल्याला नक्की माहीत आहे की हा अंदाज आहे?" असे विचारणे, संवादाच्या तालमी. अशा प्रशिक्षणाने चाचण्यांतले गुण सुधारतात हे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. रोजच्या जगण्यात फरक पडतो, पण तो सावकाश आणि माणसागणिक वेगळा. मोठ्या शहरांत पुनर्वसन केंद्रे आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे करून घेतात. जिल्ह्याच्या ठिकाणी ते मिळेलच असे नाही. त्यामुळे घर हीच तालमीची जागा होते.

सैलानी, करणी आणि संशयाला मिळणारे नाव

बुलडाणा जिल्ह्यात या विषयावर लिहायचे आणि सैलानीचा उल्लेख टाळायचा, हे शक्य नाही. पिंपळगाव सराई येथील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक येतात. होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. ‘बाहेरचे’ झाले असे समजून मानसिक आजार असलेल्या अनेकांना लांबलांबून तिथे आणले जाते. तुमच्याही घरी कोणी तिथे जाऊन आले असेल. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि श्रद्धा सोडा असे सांगणे हे माझे काम नाही. दर्शन घ्या, नवस फेडा. गोळीची वेळ चुकवू नका. दवा आणि दुवा दोन्ही चालतात.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. वर आपण पाहिले की रुग्णाला आधीच कोणाच्या तरी मनात कपट दिसत असते. अशा वेळी एखादा ‘जाणकार’ सांगतो, "घराच्या पूर्वेला राहणाऱ्या बाईने करणी केली." आजारी मनाला जो नुसता संशय होता, त्याला आता चेहरा, पत्ता आणि मोठ्या माणसांची संमती मिळाली. घरचेही मान डोलावतात. त्यानंतर तो भ्रम गोळ्यांनी कमी करणे फार अवघड होते, आणि त्या निरपराध शेजारणीच्या जिवावरही बेतू शकते. तुम्ही काहीही माना, पण रुग्णासमोर कोणा माणसाचे नाव घेऊ नका आणि कोणाला घेऊ देऊ नका. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार एखाद्यावर करणी केल्याचा आरोप करून त्याला त्रास देणे हा गुन्हाही आहे.

आणि साखळदंड नको, मग तो घरी असो वा कुठल्याही धार्मिक स्थळी. तमिळनाडूतील एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. आतले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आले नाही. पंचविसाहून अधिक जण जळून मेले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला साखळीने बांधण्यास मनाई आहे. ज्याला आधीच वाटते आहे की सगळे माझ्या विरोधात आहेत, त्याला आपण बांधले तर त्याचा भ्रम आपणच खरा करून दाखवतो.

घरात बोलायचे कसे?

सूचकपणे बोलणे सोडा. हे आपल्याला उद्धट वाटते, पण रुग्णाला त्याने मोकळे वाटते. "घरातलं दळण संपलं आहे" असे म्हणून वाट बघू नका. "दळण गिरणीवर घेऊन जा. पैसे डब्यात आहेत. सहाच्या आत ये." एका वेळी एक काम, साध्या आवाजात.

तुमच्या मनातले शब्दांत सांगा. "मी आता चिडले आहे, पण तुझ्यावर नाही. वीजबिल जास्त आलं म्हणून." "मला तू आज अंघोळ केलीस ते बघून बरं वाटलं." चेहऱ्यावरून ओळखावे लागणारे तुम्ही त्याला सांगून टाकता. पहिल्यांदा कृत्रिम वाटते, आठवड्याभरात सवय होते.

टोमणे पूर्ण बंद. "आले साहेब, झाली का झोप?" यातला उपरोध त्याला कळला नाही तर तो गोंधळतो, आणि अर्धवट कळला तर अपमान तेवढा पोचतो. त्याच्यासमोर कुजबुजू नका, तो खोलीत येताच बोलणे थांबवू नका, शेजारच्या खोलीत हसत असाल तर कशाला हसलो ते सहज सांगा. लग्नसराईत घर माणसांनी भरलेले असते तेव्हा त्याला आधीच सांगा कोण कोण येणार, आणि थकल्यावर जाऊन बसायला एक शांत जागा ठेवा. पंगतीत वाढायला किंवा पाण्याचे जग भरायला लावले तर पुष्कळांना बरे वाटते. ठरलेले काम असले की काय बोलावे हा प्रश्न उरत नाही.

संशयाशी वाद घालून उपयोग होत नाही आणि होकार देऊनही होत नाही. मधला मार्ग असा:

"ते लोक मलाच हसत होते."
"तुला तसं वाटलं, म्हणजे वाईट वाटलं असणार."
"हसतच होते!"
"हसले हे मीपण बघितलं. कशाला हसले ते मला माहीत नाही. आणखी काय कारण असू शकतं?"

घटना मान्य करा, हेतू खुला ठेवा. तो म्हणाला "दुसरं कारणच नाही", तर तिथेच थांबा. "बरं, चल चहा घेऊ" म्हणा. आजार जोरात असताना हा सराव करू नये. मन शांत असलेल्या दिवसांसाठी तो आहे. शांत दिवशी संध्याकाळची मालिका बघताना सहज विचारता येते, "ही आता अशी का बोलली? हिला खरं काय माहीत आहे?" आपल्या मालिकांत कोणाला काय माहीत नाही यावरच वर्षभर कथा चालते. त्यांचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचलेला नाही.

सतत टीका आणि अति काळजी, दोन्हींमुळे आजार उलटण्याची शक्यता वाढते, हे गेल्या अनेक दशकांच्या अभ्यासांतून पक्के झाले आहे. 1980 च्या दशकात चंदीगड आणि लंडन येथील कुटुंबांची तुलना झाली तेव्हा चंदीगडच्या घरांत रुग्णावर होणारी टीका कमी आढळली होती. आपल्या घरांची ही जुनी ताकद आहे. पण ती टिकायची तर सांभाळणाऱ्यालाही विश्रांती हवी. सगळा भार एकट्या आईवर किंवा एकट्या बायकोवर पडला की तिचा संयम सुटणारच. भाऊ-बहिणींनी आठवड्यातला एक दिवस वाटून घ्या.

आई-वडिलांसाठी आणखी एक. "आमच्या वागण्यानेच हा असा झाला का?" नाही. संगोपनामुळे हा आजार होत नाही.

फसवणुकीबद्दल सावध राहा

ज्याला दुसऱ्याचा हेतू ओळखता येत नाही त्याला फसवणे सोपे असते. उसने पैसे, मोबाईलवरचे ओटीपी, गाडी ‘दोन दिवसांसाठी’ नेणे, कोऱ्या कागदावर सही. शेती नावावर असेल तर जास्त जपा. सातबारा, वाटणीपत्र, कर्जाला जामीन अशा कोणत्याही कागदावर सही करण्याआधी घरातल्या एका विश्वासू माणसाला दाखवायचे, असा नियम त्याच्या संमतीने ठरवा. संमती महत्त्वाची आहे. त्याच्या मागे कागद लपवले, तर संशयाला खरे कारण मिळते. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण हिंसक असतात असे मानले जाते. वस्तुस्थिती अशी की बहुतेक जण हिंसक नसतात आणि इतरांकडून त्रास व फसवणूक सोसण्याचा धोका त्यांनाच जास्त असतो.

तुम्ही स्वतः हा आजार घेऊन जगत असाल तर

लोकांचे बोलणे कळायला वेळ लागतो, यात तुमचा दोष नाही. "मला नीट कळलं नाही, सरळ सांगता का?" हे वाक्य पाठ करून ठेवा, बहुतेक माणसे आनंदाने सांगतात. कोणाचा राग आला किंवा कोणी विरोधात आहे असे वाटले तर त्याच दिवशी जाब विचारू नका. एक रात्र जाऊ द्या, मग विश्वासातल्या एकाच माणसाला विचारा. हा माणूस कोण, हे बरे असताना ठरवा. आणि संशय अचानक वाढू लागला, झोप उडाली, तर गोळ्या चुकल्या का ते बघा आणि ठरलेल्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना भेटा.

मदत कुठे मिळेल?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयात मनोविकार तपासणी आणि औषधे मिळतात. बुलडाण्याला जाण्याआधी ओपीडीचा वार विचारून घ्या, म्हणजे मलकापूर किंवा लोणारहून आलेली फेरी वाया जाणार नाही. विदर्भातील शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला आहे. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था रुग्ण आणि कुटुंबीयांच्या आधारगटांसाठी ओळखली जाते. घरातल्या कोणाला हा आजार काय हे सांगायचे असेल आणि लेख वाचायचा कंटाळा असेल, तर 2004 चा ‘देवराई’ हा मराठी चित्रपट एकत्र बसून बघा. शक्यतो आधी स्वतः बघा, मग रुग्णासोबत.

आजार दीर्घकाळ राहिला तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार समाविष्ट आहे. त्यासाठी ‘आयडियाज’ या मोजपट्टीवर चार गोष्टी तपासल्या जातात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि आकलन, व काम. चारपैकी दोन थेट या लेखाच्या विषयाच्या आहेत. म्हणून तपासणीला जाताना "नीट बोलत नाही" एवढेच सांगू नका. गेल्या महिन्यातले तीन-चार प्रसंग वहीत लिहून न्या: काय झाले, समोरचा काय म्हणाला, त्याने काय अर्थ घेतला, पुढे काय घडले. प्रमाणपत्रासाठी आणि उपचारासाठीही डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो.

जीव देण्याची भाषा, कोणा ठराविक माणसाला धडा शिकवण्याची भाषा, खाण्यात विष घातले म्हणून दोन दिवस न जेवणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. अॅम्ब्युलन्ससाठी 108, तातडीच्या पोलीस मदतीसाठी 112. आत्ता कोणाशी तरी बोलायचे असेल तर टेली-मानस या शासनाच्या मोफत हेल्पलाइनवर 14416 हा क्रमांक लावा. ती दिवसरात्र सुरू असते आणि मराठीत बोलता येते.